चौकटीतील सिनेगॉग : रेगेन्सबुर्ग येथील यहुदी प्रार्थनागृह व विद्यागृहाच्या १५१९ मधील मुद्राचित्रांचा ऐतिहासिक साधन म्हणून विचार

प्रस्तावना

इतिहासलेखनाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी व दप्तरातील कागदपत्रे प्रथम डोळ्यांसमोर येतात. चित्राचा विचार बहुधा शोभेची वस्तू म्हणूनच केला जातो. ग्रंथालयाच्या, संग्रहालयाच्या किंवा एखाद्या घराच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत लावलेले जुन्या वास्तूचे मुद्राचित्र पाहणारा क्षणभर थांबतो, खालची ओळ वाचतो व पुढे जातो. ते चित्र कोणी काढले, केव्हा काढले, कोणासाठी काढले आणि चित्रातील वास्तूचे पुढे काय झाले, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात.

जर्मनीतील डॅन्यूब नदीकाठच्या रेगेन्सबुर्ग या नगरातील मध्ययुगीन सिनेगॉगची दोन मुद्राचित्रे या दृष्टीने विशेष उद्बोधक आहेत. चित्रकार आल्ब्रेख्त आल्टडॉर्फर (सुमारे १४८०-१५३८) याने १५१९ मध्ये ती तयार केली. एका चित्रात सिनेगॉगचे प्रवेशदालन तर दुसऱ्यात मुख्य सभागृहाचा अंतर्भाग दाखविला आहे. त्याच वर्षीच्या फेब्रुवारी महिन्यात ही वास्तू पाडण्यात आली. ती पाडण्याचा निर्णय ज्या नगरपरिषदेने घेतला, त्या परिषदेच्या मंडळात स्वतः चित्रकाराचा समावेश होता. म्हणजेच, ज्यांनी वास्तू नष्ट केली त्यांच्यापैकीच एकाच्या हातून तिचे स्वरूप पुढील पिढ्यांसाठी टिकून राहिले. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा अर्थ समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे

१) सिनेगॉग या संस्थेचे प्रार्थनागृह व विद्यागृह असे दुहेरी स्वरूप स्पष्ट करणे.
२) १५१९ च्या हकालपट्टीची ऐतिहासिक पार्श्वभूमी मांडणे.
३) मुद्राचित्रांचे तंत्र, आशय व त्यांवरील कोरीव मजकूर यांचे विवेचन करणे.
४) अशा चित्रांचा ऐतिहासिक साधन म्हणून उपयोग करताना कोणती दक्षता घ्यावी, हे दाखविणे.

सिनेगॉग : प्रार्थनागृह आणि शाळा

'सिनेगॉग' हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ 'एकत्र येणे' असा आहे. हिब्रू भाषेत या वास्तूस 'बेत क्नेसेत' म्हणजे सभेचे घर, 'बेत तफिला' म्हणजे प्रार्थनेचे घर आणि 'बेत मिद्राश' म्हणजे अध्ययनाचे घर अशी नावे आहेत. यहुदी धर्मपरंपरेत धर्मग्रंथांचे अध्ययन हीदेखील उपासनाच मानली जाते. त्यामुळे या तीन नावांनी सूचित होणारी कार्ये अनेकदा एकाच छपराखाली किंवा एकाच आवारात चालत. जर्मन भाषक प्रदेशांत सिनेगॉगला 'शूल' म्हणजे शाळा असेच म्हटले जाई. प्राग येथील सुमारे १२७० मध्ये बांधलेले व आजही उभे असलेले सिनेगॉग 'आल्टनॉयशूल' या नावाने ओळखले जाते, ते याच कारणाने. जुन्या चित्रांच्या खाली 'यहुदी शाळा' असा उल्लेख आढळला तर तो निव्वळ मुलांच्या शाळेचा आहे असे समजणे चुकीचे ठरते.

वास्तूच्या नावातून तिच्याकडे पाहणाऱ्या समाजाची दृष्टी व्यक्त होते, हा अनुभव मराठी वाचकालाही नवा नाही. कोकणातील बेने इस्रायल समाजात सिनेगॉगसाठी 'मशीद' हा शब्द रूढ होता आणि पुण्यातील १८६० च्या दशकात उभारलेले ओहेल डेव्हिड सिनेगॉग लोकांच्या तोंडी 'लाल देऊळ' झाले.

रेगेन्सबुर्गच्या बाबतीत 'शाळा' हा अर्थ अधिकच सार्थ होता. या नगरातील यहुदी वस्तीचा उल्लेख इ. स. ९८१ पासून मिळतो. बाराव्या शतकात तेथील रब्बींची विद्वत्ता दूरवर मान्यता पावली होती. 'सेफेर हसिदीम' या नीतिपर ग्रंथाशी ज्यांचे नाव निगडित आहे, ते रब्बी यहुदा हे-हसीद (मृत्यू १२१७) स्पायर येथून रेगेन्सबुर्गला येऊन स्थायिक झाले. पूर्वेकडील देशांचा प्रवास करून त्याचा वृत्तान्त मागे ठेवणारे पेताहिया हेही याच नगराचे. येथील येशिवा, म्हणजे तालमूदच्या उच्च अध्ययनाची पाठशाळा, अनेक पिढ्या चालली व १५१९ मध्ये हकालपट्टी झाली तेव्हाही नगरात तिचे विद्यार्थी होते. त्यामुळे सिनेगॉग पाडले जाणे म्हणजे ज्ञानपरंपरेचे एक केंद्र उखडले जाणे होय.

हकालपट्टीची पार्श्वभूमी

रेगेन्सबुर्ग ही साम्राज्याच्या थेट अधिकाराखालील स्वायत्त नगरी होती. १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धाच्या वेळी तेथील यहुद्यांना सक्तीने बाप्तिस्मा घ्यावा लागला. परंतु पुढच्याच वर्षी सम्राट चौथा हेन्री याने त्यांना स्वधर्मात परतण्याची मुभा दिली. १३४८-४९ मध्ये महामारीच्या काळात युरोपातील अनेक नगरांमध्ये यहुद्यांच्या कत्तली झाल्या, तेव्हा रेगेन्सबुर्गने मात्र आपल्या यहुदी रहिवाशांना संरक्षण दिले. हा इतिहास लक्षात घेतला म्हणजे १५१९ ची घटना अटळ नव्हती, हे स्पष्ट होते. शतकानुशतके शेजारी राहिलेल्या समाजाविषयीचे मत बदलण्यास निश्चित कारणे घडावी लागतात.

पंधराव्या शतकात रेगेन्सबुर्गचा व्यापार खालावला. ऑग्सबुर्ग व न्यूरेंबर्ग ही नगरे पुढे गेली. आर्थिक ओढाताणीचा दोष सावकारी करणाऱ्या यहुद्यांवर टाकणे सोपे होते. वस्तुतः अनेक व्यवसायांचे दरवाजे बंद असल्यामुळेच ते सावकारीकडे ढकलले गेले होते. १४७५ मध्ये ट्रेंट येथे एका बालकाच्या मृत्यूवरून यहुद्यांवर धार्मिक हत्येचा खोटा आरोप ठेवण्यात आला. त्याचे पडसाद १४७६ मध्ये रेगेन्सबुर्गमध्ये उमटले. समाजातील प्रमुखांना कैद करण्यात आले आणि सम्राट तिसरा फ्रेडरिक याच्या हस्तक्षेपानंतर १४८० मध्ये त्यांची सुटका झाली. यावरून एक गोष्ट दिसते. यहुद्यांचे संरक्षण हा सम्राटाचा अधिकार होता व त्यांच्याकडून मिळणारा करही त्याचा होता. नगरपरिषदेची इच्छा काहीही असली, तरी सम्राट हयात असेपर्यंत तिचे हात बांधलेले होते.

सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कॅथीड्रलमधील धर्मोपदेशक बाल्थाझार हुबमायर याने प्रवचनांमधून यहुद्यांविरुद्ध लोकमत पेटविले. १२ जानेवारी १५१९ रोजी सम्राट पहिला माक्सिमिलियन मरण पावला. नव्या सम्राटाची निवड होण्यास अवधी होता. या सत्तापोकळीचा फायदा घेऊन २१ फेब्रुवारी रोजी नगरपरिषदेने हकालपट्टीचा ठराव केला. सिनेगॉग रिकामे करण्यास दोन तास व नगर सोडण्यास पाच दिवस एवढीच मुदत देण्यात आली. हा निर्णय यहुदी समाजाला कळविण्यासाठी जे सदस्य पाठविण्यात आले, त्यांत परिषदेच्या बाह्य मंडळाचा सदस्य आल्टडॉर्फर होता. सुमारे पाचशे माणसे ऐन हिवाळ्यात घराबाहेर काढली गेली. काहींनी डॅन्यूबच्या पलीकडे बव्हेरियाच्या हद्दीतील श्टाटआमहोफ येथे आश्रय घेतला. दफनभूमीही उद्ध्वस्त करण्यात आली व तेथील हजारो थडगेशिळा बांधकामासाठी वापरल्या गेल्या. काही शिळा तर विजयचिन्हे म्हणून घरांच्या भिंतींत दर्शनी बाजूस बसविण्यात आल्या.

मुद्राचित्रांचे तंत्र

दोन्ही चित्रे अम्लरेखन पद्धतीने तयार केलेली आहेत. या पद्धतीत धातूच्या पत्र्यावर मेणासारख्या अम्लरोधक द्रव्याचा थर देतात. त्यावर अणकुचीदार सुईने रेखाटन केले की रेषांच्या जागी धातू उघडा पडतो. पत्रा अम्लात ठेवल्यावर उघडा भाग कोरला जातो. नंतर थर काढून त्या खाचांमध्ये शाई भरतात व ओलसर कागद पत्र्यावर ठेवून दाबयंत्रातून काढतात. शस्त्रे व चिलखते नक्षीने सजविणारे कारागीर हे तंत्र आधीपासून वापरत. ऑग्सबुर्ग येथील डॅनिएल होप्फर याने ते सुमारे १५०० च्या सुमारास कागदावरील छपाईसाठी वापरण्यास आरंभ केला. ड्यूररने १५१५ ते १५१८ या काळात काही अम्लरेखने केली. आल्टडॉर्फरची ही चित्रे त्यानंतर लगेचची आहेत. या आरंभीच्या काळात तांब्याऐवजी लोखंडी पत्रा वापरला जाई. त्यामुळे रेषा काहीशा जाड व एकसारख्या उमटत.

हे तंत्र येथे का निवडले गेले असावे, याचे उत्तर त्याच्या स्वरूपात आहे. ताम्रपत्रावर छिन्नीने कोरण्यास दीर्घ सराव व बराच वेळ लागतो. अम्लरेखनात मात्र कागदावर लेखणी चालवावी त्या सहजतेने हात फिरविता येतो. पाहिलेली गोष्ट त्वरेने नोंदविण्यास ही पद्धत अनुकूल होती. प्रत्येक चित्राची उंची सुमारे १६ ते १७ सेंटिमीटर व रुंदी सुमारे १२ सेंटिमीटर आहे. म्हणजे साधारण वहीच्या पानापेक्षाही ती लहान आहेत. युरोपीय मुद्राचित्रणात प्रत्यक्ष अस्तित्वात असलेल्या विशिष्ट वास्तूचे व्यक्तिचित्राप्रमाणे केलेले चित्रण म्हणून त्यांची गणना अगदी आरंभीच्या उदाहरणांत केली जाते. त्यांच्या प्रती न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन म्युझियमसारख्या संग्रहांमध्ये जतन केलेल्या आहेत.

चित्रांचा आशय

प्रवेशदालनाच्या चित्रात कमानदार छत, जाड भिंती व मुख्य सभागृहाकडे उघडणारे दार दिसते. तेथे दोन मानवी आकृती आहेत व त्यांपैकी एकाच्या हातात जाड ग्रंथ आहे. दोघांचाही आकार वास्तूच्या मानाने लहान आहे. ही माणसे प्रार्थनेला आलेली आहेत की दोन तासांच्या मुदतीत ग्रंथ हलवीत आहेत, याचा उलगडा चित्र करीत नाही. मात्र ज्या समाजाला शाळेच्या नावाने ओळखली जाणारी वास्तू सोडावी लागली, त्याच्या हातात चित्रकाराने ग्रंथ दाखविला, ही बाब लक्षणीय आहे.

अंतर्भागाच्या चित्रात मनुष्य नाही. सभागृहाच्या मध्यरेषेवर स्तंभांची रांग असून तिच्यामुळे दालनाचे दोन समांतर भाग पडतात. स्तंभांवरून निघालेल्या फासळ्या छताला आधार देतात. स्तंभांच्या मधोमध 'बिमा' म्हणजे तोरावाचनाचा उंच चौथरा आहे. या रचनेमागे निश्चित विचार होता. चर्चमध्ये सर्वांची दृष्टी एका टोकाच्या वेदीकडे वळविलेली असते. सिनेगॉगमध्ये मात्र दोन केंद्रे असतात : पूर्वेकडील भिंतीतील तोराच्या गुंडाळ्यांचा पवित्र कोश आणि मध्यभागी असलेला वाचनाचा चौथरा. वाचन सर्वांना ऐकू जावे व श्रोते चौथऱ्याच्या भोवती बसावेत, यासाठी ही दुभागी रचना सोयीची होती. वर्म्स व प्राग येथील सिनेगॉगांमध्येही हाच प्रकार आढळतो. तेथे दोन मध्यस्तंभ आहेत, तर रेगेन्सबुर्ग येथे तीन होते.

चित्रकाराचे रेखाटन कल्पित नव्हते, याला पुढे पुरावा मिळाला. १९९५ ते १९९८ या काळात रेगेन्सबुर्गच्या नॉयफार्रप्लाट्झ या चौकात झालेल्या उत्खननात यहुदी वस्तीची तळघरे, एका भांड्यात दडविलेली ६२४ सुवर्णनाणी आणि सिनेगॉगचे अवशेष सापडले. आधीच्या रोमनेस्क वास्तूच्या जागी तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेले गॉथिक सिनेगॉग व त्याची दुभागी रचना त्यातून स्पष्ट झाली. कागद व दगड या दोन स्वतंत्र साधनांनी एकमेकांना दुजोरा दिला.

कोरीव मजकुराचे वाचन

अंतर्भागाच्या चित्राच्या वरच्या भागात लॅटिन भाषेत मजकूर आहे. इ. स. १५१९ मध्ये रेगेन्सबुर्गचे यहुदी सिनेगॉग ईश्वराच्या न्याय्य निर्णयानुसार समूळ पाडण्यात आले, असा त्याचा आशय होय. प्रवेशदालनाच्या चित्रावर ते २१ फेब्रुवारी १५१९ रोजी मोडल्याची नोंद आहे.

येथे चित्र व मजकूर यांच्या काळातील अंतर ध्यानात घेणे आवश्यक आहे. रेखाटन वास्तू उभी असताना झाले. मजकुरात मात्र ती पाडल्याची गोष्ट भूतकाळात सांगितली आहे. पाहणाऱ्याला उभी वास्तू दिसते व वाचणाऱ्याला ती नसल्याचे कळते. मजकुराची भाषाही तपासण्याजोगी आहे. ठराव परिषदेने केला, परिषदेच्या सदस्यांनी तो कळविला, मजुरांनी भिंती पाडल्या. परंतु मजकुरात यांपैकी कोणीही नाही. कर्ता म्हणून ईश्वराचा निर्णय पुढे केला आहे. मानवी निर्णयाची जबाबदारी दैवी इच्छेवर सोपविण्याची ही रीत इतिहासात वारंवार आढळते. लॅटिन भाषेमुळे हा मजकूर सुशिक्षित वर्गासाठी होता, हेही सूचित होते.

आल्टडॉर्फरला वास्तूविषयी आदर वाटत होता की ही केवळ विजयाची नोंद होती, याविषयी दोन्ही बाजूंनी मांडणी करता येते. रेषांमधील काळजी व रिकाम्या दालनातील शांतता एका बाजूस आहे. मजकुरातील निःसंदिग्ध समर्थन दुसऱ्या बाजूस आहे. वास्तुशिल्पाची उत्तम जाण असलेला हा कलावंत १५२६ मध्ये नगराचा वास्तुप्रमुख झाला. एखाद्या वास्तूचे सौंदर्य ओळखणे व ती पाडण्यास संमती देणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात. सौंदर्यदृष्टी ही नैतिक दृष्टीची हमी नव्हे, हा या चित्रांचा सर्वांत अस्वस्थ करणारा बोध होय.

विध्वंसानंतरचे चित्रण

पाडकामात जखमी झालेला एक गवंडी वाचला. त्याचे वाचणे हा मेरीमातेचा चमत्कार असल्याची वार्ता पसरविण्यात आली आणि त्याच जागी 'सुंदर मेरी' या नावाने लाकडी चॅपेल उभे राहिले. यात्रेकरूंची रीघ लागली. १५२० या एकाच वर्षात यात्रेच्या लाखाहून अधिक खुणा विकल्या गेल्या. या नव्या श्रद्धास्थानासाठीही आल्टडॉर्फरने चित्रे केली. त्यांत अनेक ठशांनी छापलेले मेरीचे रंगीत काष्ठठसाचित्र प्रसिद्ध आहे. मिखाएल ओस्टेनडॉर्फर याच्या काष्ठठसाचित्रात चॅपेलभोवतीची गर्दी व तिच्या मागे यहुदी वस्तीचे भग्नावशेष दोन्ही दिसतात. ड्यूररने आपल्या जवळच्या प्रतीवर १५२३ मध्ये या प्रकाराविषयी नापसंतीचा शेरा लिहून ठेवला. म्हणजे समकालीनांपैकी सर्वांनाच या यात्रेची भुरळ पडली होती, असे नव्हे.

यात्रेचा भर काही वर्षांतच ओसरला. १५४२ मध्ये नगराने ल्यूथरचा पंथ स्वीकारला व त्या जागी बांधले गेलेले दगडी चर्च प्रॉटेस्टंट झाले. हुबमायरने स्वतः पुढे पुनर्बाप्तिस्मावादी पंथ स्वीकारला व १५२८ मध्ये व्हिएन्ना येथे त्याला पाखंडी ठरवून जाळण्यात आले. ज्याने इतरांना धर्माच्या नावाने घराबाहेर काढण्यास चिथावले, तोच पुढे धर्माच्या नावाने मारला गेला. यहुद्यांना रेगेन्सबुर्गमध्ये पुन्हा राहण्याची परवानगी १६६९ मध्ये मिळाली. १९१२ मध्ये बांधलेले त्यांचे नवे सिनेगॉग नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी जाळले. २००५ मध्ये नॉयफार्रप्लाट्झवर शिल्पकार दानी काराव्हान यांचे 'मिझराख' म्हणजे 'पूर्व दिशा' हे स्मारकशिल्प उभारण्यात आले. मध्ययुगीन सिनेगॉगच्या पायाची आखणी पांढऱ्या रंगात दाखविणाऱ्या या शिल्पावर लोक बसतात, मुले खेळतात. १९३८ मध्ये जळालेल्या सिनेगॉगच्या जागी २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, म्हणजे हकालपट्टीला पाचशे वर्षे झाली त्याच महिन्यात, नव्या सिनेगॉगचे उद्घाटन झाले.

चौकटीतील चित्राकडे कसे पाहावे ?

अशा चित्रांच्या मूळ प्रती दुर्मिळ असून चौकटीत आढळणारी बहुतेक चित्रे नंतरच्या काळातील प्रतिकृती असतात. अम्लरेखनाच्या मूळ प्रतीत पत्र्याच्या दाबाने कागदावर उमटलेली कड दिसते, शाईच्या रेषा किंचित उंचावलेल्या असतात व हातकागद प्रकाशासमोर धरल्यास जाळीच्या रेषा आढळतात. यांत्रिक छपाईच्या अनेक प्रतिकृतींमध्ये भिंगाखाली बारीक ठिपके दिसतात. तथापि प्रतिकृती असल्याने चित्राचे अभ्यासमूल्य नाहीसे होत नाही. फक्त ती प्रतिकृती आहे हे नमूद असावे.

जतनाच्या दृष्टीने मूळ चित्राच्या चौकटीत अम्लविरहित पुठ्ठा वापरावा, काच कागदाला चिकटू देऊ नये व थेट सूर्यप्रकाश टाळावा. याहून महत्त्वाची आहे ती खालची नोंद. 'जुने सिनेगॉग, रेगेन्सबुर्ग' एवढेच लिहिले तर पाहणाऱ्यास एक रम्य प्राचीन वास्तू दिसते. लॅटिन मजकुराचे भाषांतर, विध्वंसाची तारीख व चित्रकाराचा परिषदेशी असलेला संबंध दिल्यास तेच चित्र इतिहासाचा दस्तऐवज बनते.

निष्कर्ष

१) सिनेगॉग हे प्रार्थनागृहाबरोबरच विद्यागृहही असल्याने त्याचा विध्वंस हा धार्मिक व शैक्षणिक अशा दोन्ही परंपरांवरील आघात होता.
२) हकालपट्टीमागे आर्थिक अवनती, प्रक्षोभक प्रचार व सत्तापोकळी ही कारणे एकत्र आली. ईश्वरी निर्णयाचे कारण नंतर जोडले गेले.
३) आल्टडॉर्फरची चित्रे वास्तूच्या रचनेबाबत विश्वसनीय आहेत, हे उत्खननाने दाखविले, परंतु त्यांवरील मजकूर पक्षपाती आहे. एकाच साधनाचा एक भाग ग्राह्य व दुसरा भाग चिकित्सेस पात्र असू शकतो.
४) चित्र हे साधन म्हणून वापरताना चित्रकार, आश्रयदाता, तंत्र, मजकूर व प्रदर्शनाची पद्धत या पाचही अंगांचा विचार झाला पाहिजे.

समारोप

रेगेन्सबुर्गच्या नगरपरिषदेला सिनेगॉगची आठवणही उरू नये असे वाटत असेल, तर तिच्याच एका सदस्याच्या दोन लहान कागदांनी तो हेतू विफल केला. विध्वंसाचे समर्थन करण्यासाठी लिहिलेला मजकूर आज विध्वंसकांविरुद्धचा पुरावा म्हणून वाचला जातो. इतिहासाच्या अध्यापनात अशी चित्रे वर्गात आणून विद्यार्थ्यांना प्रथम केवळ चित्र व नंतर मजकूर दाखविल्यास साधनचिकित्सेचा पाठ कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक प्रभावीपणे देता येईल. भिंतीवरील चौकटीत काय दिसते याबरोबरच चौकटीबाहेर काय ठेवले गेले, हे विचारण्याची सवय लागणे, हीच अशा अभ्यासाची खरी फलश्रुती होय.